उदक चड

एकाच चढावर तीनदा पडले स्कूटरवरून,
चोर्ला घाटातून आत वळणाऱ्या मातीच्या वाटेवर.
तिसऱ्यांदा नायट्रोजनचा डबा कलंडला
आणि सहा जातिवंत सांडांचं बीज
पांढरा धूर होऊन रानमोडीत निघून गेलं.
त्याच संध्याकाळी ठरवलं : चार चाकं.
आणि चारही ओढणारी.

"गुरांच्या डॉक्टरणीला एवढी गाडी?
तीही जुनी? लग्नाच्या पैशांत?"
भाऊ म्हणाला.
होय, त्याच.
तो विषय पोस्टात पडून होता, व्याज खात.

सावर्डे. रेल्वे फाटकाच्या पलीकडे
इनास कुलासो, खाणीवरचा सर्व्हेयर;
खाण बंद पडल्यापासून
नुसताच इनास कुलासो.
ताडपत्रीखाली डस्टर, ताडपत्रीवर मांजर,
शेजारी वाळत टाकलेली सुपारी.
मी किंमत विचारली.
"पयलीं चाकां पळय," तो म्हणाला, "मागीर मोल."

मेस्त आणला होता होंड्याहून
(होंडा हे गाव; गाड्यांशी संबंध नाही).
तो पाठीवर सरकत आत गेला, चपला तेवढ्या बाहेर,
आणि खालूनच बोलत राहिला :
गंज नाही, मागचा शाफ्ट कोरडा,
चिऱ्याची लाल धूळ मात्र सांध्यासांध्यांत.
मग दहाचं नाणं टायरच्या खाचेत घालून
एकेक चाक मोजलं,
मी गाईचे दात बघते तसं.
चारही सारखीच झिजलेली.
"अशीच लागतात हिला. एक नवं, तीन जुनी, चालत नाही.
एक जरी उंच राहिलं
तर मधलं यंत्र दिवसभर भांडण सोडवत बसतं
आणि शेवटी स्वतःच जळतं."
मला आमचं घर आठवलं.
काही बोलले नाही.

कप्प्यात वही होती. रोमी लिपीतली कोंकणी,
मी अक्षरं जुळवत वाचली :
डिझेल. डिझेल. चाकं फिरवली, पुढची मागे.
सांग्याच्या बाजारात आरसा मोडला, चूक माझीच.
डिझेल.
आणि एका जुलैत, उगेंच्या साकवापाशी,
काठीने खोली बघून आल्यावर लिहिलेलं,
ओल्या बोटांनी, शाई पसरलेली :
उदक चड. परतलों.

पाणी जास्त. परत फिरलो.
एवढंच.
गाडी विकायला बसलेले लोक सांगतात
ती कुठे कुठे चढली.
या माणसाने लिहून ठेवलं होतं
कुठे नाही गेला.

पाच लाख चाळीस. वीस कमी कर म्हटलं.
"ना," म्हणाला, आणि घरातून
फणसाच्या साट्यांचं पुडकं आणून दिलं.
मेस्ताने ते माझ्याआधी फोडलं.

आता रोज सकाळी डिकीत
नायट्रोजनचा डबा दोरीने बांधलेला,
गमबूट, बादली, एखाद्या धनगराची कोंबडी
जी त्याने फीऐवजी दिली.
चारही चाकांची कळ मी वर्षभरात
पाच-सहादाच फिरवली असेल.
बाकी दिवस दोन पुरतात.
पण चढाच्या पायथ्याशी हात एकदा
कळीला लावून बघते,
जनावराच्या कपाळाला लावावा तसा.

एक सांगायचं राहिलं. पाचवं चाक.
आठ वर्षं अंधारात, गाडीच्या पोटाखाली,
एकदाही रस्त्याला न लागलेलं, म्हणून नवंकोरं,
आणि म्हणून बाकी चौघांत न बसणारं.
"तें फकत घरा मेरेन," कुलासो म्हणाला होता,
घरापर्यंतच. त्याहून लांब नको.
मी ते दर महिन्याला पुसते, हवा भरते.

वहीत मधली दोन पानं कोरी सोडून
मी मराठीत लिहायला लागले आहे :
डिझेल. सुर्ला, म्हैस, वासरू उलटं, दोन्ही जगली.
डिझेल.
काल रात्री ओहोळापाशी दिवे लावून
बराच वेळ बसले.
फोन वाजत होता, पलीकडे कुणाची तरी गाय.
काय केलं
ते अजून लिहिलेलं नाही.